खिडक्यांना पडदे की ब्लाइंड: नव्या घरासाठी निवड कशी करावी

नव्या घराचा ताबा मिळाल्यावर सर्वांत घाईने होणारी खरेदी म्हणजे पडद्यांची. समोरच्या विंगमधले दिवे थेट आपल्या झोपायच्या खोलीत दिसू लागतात, सामान अजून खोक्यांतच असते, आणि एका संध्याकाळी दुकानात जाऊन सोफ्याच्या रंगाला जुळणारे एकच कापड घरातल्या सगळ्या खिडक्यांसाठी ठरवून टाकले जाते. मग पुढची कित्येक वर्षे पश्चिमेच्या खोलीत दुपारी बसवत नाही, स्वयंपाकघरातला पडदा तेलकट होऊन कडक होतो, आणि ज्या खिडकीतून वारा यायचा ती जाड कापडाने बंद पडते. ही घाई टाळता येते. कापड, रंग आणि प्रकार यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी प्रत्येक खिडकी स्वतंत्रपणे पाहावी, कारण एकाच घरातल्या दोन खिडक्यांची गरज सहसा सारखी नसते.

पहिली पायरी: आठ दिवस फक्त पाहणे

झोपायच्या खोल्यांच्या खिडक्यांवर तात्पुरत्या जुन्या चादरी किंवा साड्या लावाव्यात, न्हाणीघराच्या काचेला वर्तमानपत्र चिकटवावे आणि बाकीच्या खिडक्या आठ दिवस उघड्या राहू द्याव्यात. एका वहीत प्रत्येक खिडकीला एक पान द्यावे, आणि सकाळी आठला, दुपारी बाराला, साडेचारला व रात्री दिवे लागल्यावर चार गोष्टी टिपाव्यात: ऊन खोलीत कुठपर्यंत येते, वारा कोणीकडून आणि किती जोराने येतो, बाहेरून आत काय दिसते, आणि त्या वेळी त्या खोलीत घरातले कोण काय करत असते. शेवटची नोंद अनेकांना अनावश्यक वाटते, पण माझ्या मते सर्वाधिक उपयोगी तीच ठरते. एका खोलीत सकाळी मूल अभ्यासाला बसत असेल आणि शेजारच्या खोलीत रात्रपाळीहून आलेला माणूस झोपत असेल, तर दोन्ही खिडक्या पूर्वेच्या असूनही एकीला भरपूर उजेड हवा असतो आणि दुसरीला ठार अंधार.

दिशा मोबाइलमधल्या होकायंत्राने पाहता येते. मात्र खिडकीला लोखंडी ग्रिल असेल तर तिच्यापासून चार पावले मागे उभे राहावे, कारण लोखंडाजवळ होकायंत्र चुकीची दिशा दाखवते.

दुसरी पायरी: ऊन कोणत्या कोनातून येते हे समजून घेणे

मुंबई-पुण्याचा पट्टा साधारण १८.५ ते १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्हीला ऐन डोक्यावर येतो, आणि त्या दिवसांना आपण शून्य सावलीचे दिवस म्हणतो. उलट २१ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात भर दुपारीसुद्धा तो दक्षिणेच्या क्षितिजापासून फक्त ४८ अंशांच्या आसपास वर चढतो. पडद्यांच्या दृष्टीने या दोन गोष्टींचा अर्थ फार सरळ आहे. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर एप्रिलच्या दुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर असल्याने ती पूर्ण सावलीत राहते. डिसेंबरात मात्र छज्ज्याची सावली खिडकीवर जेमतेम सव्वादोन फूट उतरते आणि खालच्या भागातून कोवळे ऊन आत येते. हे ऊन थंडीत हवेसे असते. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला जड पडद्याची गरज सहसा नसते. हलके, पूर्ण बाजूला सरकणारे कापड तिथे पुरते.

पश्चिमेचा हिशेब अगदी वेगळा आहे. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून अदमासे २५ अंशांवर असतो, आणि त्या तिरप्या उन्हासमोर तोच दोन फुटांचा छज्जा खिडकीवर जेमतेम फूटभर सावली टाकतो. उरलेली सगळी काच थेट उन्हात तापते. पूर्वेलाही सकाळी असेच तिरपे ऊन येते, पण तेव्हा रात्रभर निवलेल्या भिंती थंड असतात. पश्चिमेचे ऊन मात्र दिवसभर तापलेल्या घरावर पडते. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर ते आधी पश्चिमेच्या खिडकीवर खर्च करावेत आणि उत्तरेच्या खिडकीला साधा झिरझिरीत पडदा लावून थांबावे. उत्तरेच्या खिडकीत मे ते जुलैदरम्यान सकाळ-संध्याकाळ थोडे ऊन डोकावते, परंतु त्यातले बरेच दिवस ढगाळ असतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण दुकानात ती क्वचितच सांगितली जाते. सूर्यप्रकाश काच ओलांडून आत येतो, पडद्यावर पडतो आणि तिथे त्याची उष्णता होते. ती उष्णता काचेतून आल्या वाटेने तशीच परत जात नाही. म्हणजे आतून लावलेला पडदा कितीही जाड असला, तरी ऊन घरात शिरल्यानंतरच तो त्याला अडवतो. माझ्या स्वतःच्या पश्चिमेच्या खोलीत मी प्रथम गडद तपकिरी रंगाचा, उजेड पूर्ण अडवणारा रोलर ब्लाइंड, म्हणजे नळीवर गुंडाळला जाणारा सपाट पडदा, लावला होता. खोलीत अंधार झाला, परंतु मे महिन्यात साडेचारला काच आणि ब्लाइंड यांच्यामधल्या फटीत हात घातला की तव्यावरून यावी तशी धग लागत असे, आणि ती धग वरच्या फटीतून पंख्याखाली येत असे. पुढल्या वर्षी त्याच खिडकीबाहेरच्या अरुंद गॅलरीत बांबूची चिक, म्हणजे बारीक काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा, सोडली. ब्लाइंड तोच राहिला, पण काच हाताला कोमट लागण्यापलीकडे तापेनाशी झाली. शक्य असेल तिथे ऊन काचेबाहेर अडवावे. ते शक्य नसेल तर पडद्याची काचेकडची बाजू पांढरी ठेवावी, म्हणजे प्रकाशाचा बराच भाग उष्णता होण्याआधीच काचेतून परत जातो. पडद्याचा आतला रंग कोणताही असू द्या, अस्तर पांढरेच लावावे.

तिसरी पायरी: वारा, पाऊस आणि खिडकीची बांधणी

कोकणपट्टीत आणि मुंबईत हवा दमट असते, म्हणून तिथे अंगाला लागणारा वारा हीच खरी थंडाई. विदर्भ-खानदेशात एप्रिल-मेच्या दुपारी बाहेरून येणारा वारा भाजतो, म्हणून तिथे दुपारी खिडकी बंद ठेवून रात्री उघडतात. एकाच प्रकारचा पडदा या दोन्ही प्रदेशांना चालणार नाही. नागपूर-चंद्रपूरकडे दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत आहे. कोरडी हवा त्या ओल्या मुळ्यांतून जाताना पाण्याची वाफ होते, वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते आणि आत येणारा वारा थंड व सुगंधी होतो. हाच पडदा कोणी ठाण्यात किंवा रत्नागिरीत लावला तर हवेत आधीच ओल असल्याने वाफ होणार नाही, आणि घरात कुबट ओलावा तेवढा वाढेल.

ज्या खिडकीतून घराला वारा मिळतो तिला कापडी पडदाच द्यावा आणि तो दोन्ही बाजूंना पूर्ण सरकेल एवढा रॉड लांब घ्यावा. उघड्या खिडकीवर अर्धवट सोडलेला रोलर ब्लाइंड वाऱ्याने सतत चौकटीवर आपटतो, उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड एकमेकांत गुंततात, आणि हे सगळे टाळण्यासाठी लोक शेवटी खिडकीच बंद ठेवू लागतात.

खिडकी उघडते कशी, हेही मोजमापाआधी पाहावे. सध्याच्या बहुतेक सदनिकांत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात. त्यांची तावदाने रुळावरच सरकत असल्यामुळे आतल्या बाजूला काहीही लावता येते. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि काही बंगल्यांत झडपा आत उघडतात, आणि अशा खिडकीच्या चौकटीत ब्लाइंड बसवला तर झडप त्याला अडते. तिथे रॉड चौकटीबाहेर, भिंतीवर आणि पुरेसा लांब असायला हवा. किंवा आपल्याकडे पूर्वी सर्रास दिसणारा, झडपेच्याच लाकडाला दोन आकडे मारून स्प्रिंगच्या तारेवर ओवलेला अर्धा पडदा लावावा. रस्त्याकडेच्या तळमजल्यासाठी हा अर्धा पडदा मला आजही फार शहाणपणाचा वाटतो, कारण तो जाणाऱ्या-येणाऱ्यांची नजर अडवतो आणि वरच्या अर्ध्या भागातून उजेड व वारा मोकळे सोडतो. डासांची जाळी वेल्क्रोने चिकटवलेली असेल किंवा स्वतंत्र सरकत्या तावदानात असेल, तर पडदा लावल्यावरही तिथे हात पोहोचतो ना, हे करून पाहावे.

पावसाची झड कोणत्या खिडकीवर येते हे जुलैमध्येच कळते. ताबा उन्हाळ्यात मिळाला असेल तर शेजाऱ्यांना विचारावे. चार पावसाळे काढलेल्या शेजाऱ्याइतकी खात्रीची माहिती दुसरीकडे मिळणार नाही.

चौथी पायरी: प्रकार ओळखणे

कापडी पडदा हा सर्वांत जुना आणि माझ्या मते आपल्या हवेला सर्वाधिक मानवणारा प्रकार आहे, कारण तो धुता येतो, शिवून दुरुस्त करता येतो, घर बदलल्यावर दुसऱ्या खिडकीला लावता येतो आणि फाटल्यावर त्याची पायपुसणी होतात. वरच्या पट्टीत धातूच्या गोल रिंगा ठोकलेले, म्हणजे आयलेटचे पडदे सरकवायला सोपे असतात. चुण्या घालून आकड्यांवर टांगलेले पडदे अधिक नीट पडतात, परंतु धुताना आकडे काढा-घालावे लागतात. कापड निवडताना दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली पाहून समाधान मानू नये. ठाण दाराशी नेऊन उन्हासमोर धरावे, मुठीत चुरगाळून सोडावे आणि शक्य असेल तर एक मीटर विकत घेऊन घरी धुवावे व त्या खिडकीत दोन दिवस टांगून पाहावे. मुंबईच्या मंगलदास मार्केटसारख्या बाजारात एकाच फेरीत शेकडो ठाणे दिसतात आणि नजर गोंधळते. नमुन्याचा तुकडा घरी आणला की हा गोंधळ संपतो. सुती कापड हवेशीर असते आणि उजेड मऊ करते, पण आटते, चुरगळते आणि कडक उन्हात रंग सोडते. पॉलिस्टर आटत नाही आणि पावसाळ्यात पंख्याखालीही लवकर वाळते; मात्र स्वस्त पॉलिस्टरला उन्हात चकाकी येते. रेशमी कापड थेट उन्हात विरते, म्हणून ते अस्तराशिवाय लावू नये. मखमल दमट गावात टाळावी. करूर आणि पानिपत ही घरगुती कापडाची मोठी केंद्रे आहेत, आणि तिथून येणारे जाड विणीचे सुती कापड बैठकीच्या खोलीला शोभते.

झिरझिरीत पडद्याविषयी एक सावधगिरी. तो दिवसा बाहेरच्यांची नजर अडवतो, कारण बाहेर उजेड जास्त आणि आत कमी असतो. रात्री आत दिवा लागला की हे उलटते आणि बाहेरच्याला सगळे स्वच्छ दिसते. घेण्याआधी रात्री खोलीत दिवा लावावा, घरातल्या कोणाला तरी नमुना खिडकीत धरायला सांगावे आणि स्वतः खाली रस्त्यावर जाऊन पाहावे. समोर दुसरी इमारत असेल तर झिरझिरीत आणि जाड अशा दोन पडद्यांचा दुहेरी रॉड घेण्याला पर्याय नाही. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेच्या जागी पातळ शिंपल्यांच्या चकत्या लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या खिडक्या आजही दिसतात. त्या उजेड दुधाळ करून आत घेतात आणि आतले बाहेर दिसू देत नाहीत. दिवसाच्या वेळी चांगल्या झिरझिरीत पडद्याकडून नेमकी हीच अपेक्षा ठेवावी.

चिक म्हणजे बांबूच्या किंवा वेताच्या बारीक काड्या दोऱ्याने गुंफून केलेला, दोरीने वर गुंडाळायचा पडदा. तो गॅलरीत किंवा खिडकीबाहेर लावता येतो, ऊन अडवतो आणि वारा सोडतो. पश्चिमेच्या उन्हावर एवढ्या कमी खर्चात इतका चांगला उपाय दुसरा नाही, असे मी अनुभवाने म्हणतो. त्याची मर्यादा पाऊस ही आहे. जूनमध्ये तो ओला राहिला की काड्यांवर काळी बुरशी धरते आणि दोरा कुजतो. म्हणून मेच्या अखेरीस काढावा, पूर्ण वाळवून गुंडाळावा आणि ऑक्टोबरच्या उन्हाआधी पुन्हा लावावा. बाहेरून दिसणारी कोणतीही वस्तू लावण्यापूर्वी गृहनिर्माण सोसायटीची परवानगी लागते का हे विचारून घ्यावे, कारण अनेक सोसायट्यांत सर्वांना एकाच रंगाची चिक लावण्याचा नियम असतो. वरच्या मजल्यांवर चिकेचे खालचे टोक बांधून ठेवण्याची सोय हवीच, नाहीतर वळवाच्या वादळात ती सुटून खाली पडू शकते.

रोलर ब्लाइंड हे एका नळीवर गुंडाळले जाणारे सपाट कापड असते. त्याला जागा कमी लागते, धूळ कमी बसते आणि ओल्या फडक्याने तो पुसता येतो. अभ्यासाच्या किंवा संगणकाच्या टेबलासमोर मला हाच प्रकार योग्य वाटतो. त्याचे जाळीदार कापड ३ टक्के, ५ टक्के अशा आकड्यांनी ओळखले जाते. तो आकडा म्हणजे विणीतल्या मोकळ्या छिद्रांचे प्रमाण, आणि आकडा जितका लहान तितका उजेड कमी व आडोसा अधिक. पूर्ण अंधारासाठी घेतलेल्या रोलरच्याही दोन्ही कडांना अर्धा-पाऊण इंचाची फट राहतेच, कारण कापड नळीच्या यंत्रणेपेक्षा अरुंद असते. रात्रपाळी करणाऱ्याला किंवा तान्ह्या बाळाला दिवसा झोपायचे असेल, तर एकट्या रोलरवर विसंबू नये. बाजूंना जाड पडदेही सोडावेत.

झेब्रा ब्लाइंडमध्ये जाड आणि पारदर्शक पट्ट्या आलटून पालटून असलेले दुहेरी कापड असते आणि ते थोडे सरकवले की उजेड कमीजास्त होतो. दिसायला तो सुरेख आहे, पण रात्रीचा आडोसा त्याच्याकडून पूर्ण मिळत नाही. रोमन ब्लाइंड म्हणजे आडव्या घड्या पडत वर जाणारे कापड. लहान, ठेंगण्या खिडकीला तो फार छान दिसतो, मात्र धुण्यासाठी त्यातल्या काड्या आणि दोऱ्या काढाव्या लागतात, आणि ते काम घरातल्या ज्या माणसावर पडणार आहे त्याला आधी विचारावे. आडव्या पट्ट्यांचा व्हेनेशियन ब्लाइंड उजेडाची दिशा छताकडे वळवू शकतो, हा त्याचा खरा गुण आहे. परंतु वर्दळीच्या रस्त्यावरच्या घरात प्रत्येक पट्टी दर आठवड्याला पुसावी लागते आणि समुद्राजवळच्या दमट हवेत खऱ्या लाकडाच्या पट्ट्या वाकतात. उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड कचेऱ्यांना ठीक.

गॅलरीच्या मोठ्या सरकत्या दाराला वर-खाली होणारा कोणताही ब्लाइंड लावू नये. दिवसातून वीस वेळा कपडे वाळत घालायला जाणारी माणसे तो दर वेळी वर-खाली करत बसणार नाहीत. तिथे बाजूला सरकणारा पडदाच सोयीचा.

पाचवी पायरी: मोजमाप

इथे झालेली चूक नंतर दुरुस्त होत नाही, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा खिडकीची चौकट ५ फूट रुंद आणि ४ फूट उंच आहे. मोजण्यासाठी पोलादी टेप घ्यावी, कारण शिवणाची कापडी टेप जुनी झाली की ताणली जाते. रॉड चौकटीच्या दोन्ही बाजूंना ८-८ इंच पुढे न्यावा, म्हणजे सरकवलेला पडदा भिंतीवर जमतो आणि काच पूर्ण मोकळी होते. त्यामुळे रॉडची लांबी ६० अधिक १६, म्हणजे ७६ इंच झाली. चुण्या नीट पडण्यासाठी कापडाची एकूण रुंदी रॉडच्या दुप्पट ते अडीचपट हवी. ४८ इंच पन्ह्याचे कापड कडा दुमडून ४६ इंच उरते. असे चार पन्हे घेतले की १८४ इंच होतात आणि रॉडच्या साधारण २.४ पट भरतात. तीन पन्ह्यांतही काम भागते, पण मग प्रत्येक बाजूला दीड पन्हा येतो आणि मधला जोड उन्हासमोर रेषेसारखा दिसतो. म्हणून मी चार सांगतो.

उंचीसाठी रॉड चौकटीच्या ६ इंच वर धरला आणि पडदा कट्ट्याखाली ८ इंच सोडला, तर रॉडपासून खालच्या कडेपर्यंत ६२ इंच होतात. आयलेटच्या पडद्याची वरची कड रॉडच्या वर सुमारे दीड इंच राहते, वरच्या आणि खालच्या दुमडीला प्रत्येकी ४ इंच लागतात, आणि सुती कापड आटणार म्हणून आणखी ३ इंच धरावेत. एका पन्ह्याची लांबी ७४.५, म्हणजे ७५ इंच आणि चार पन्ह्यांना ३०० इंच, अर्थात पावणेआठ मीटरच्या आत-बाहेर कापड लागते. कापडावर मोठी नक्षी असेल तर चारही पन्ह्यांवर ती एका रेषेत येण्यासाठी प्रत्येक पन्ह्यामागे नक्षीची एक पूर्ण लांबी जास्त घ्यावी. माझ्या बहिणीच्या घरी शिंप्याला चौकटीची उंची सांगितली गेली, रॉडपासूनची नव्हे. शिवाय कापड न धुता शिवले होते. पहिल्या धुण्यानंतर पडदे कट्ट्याच्या चार बोटे वर आले आणि खाली वेगळ्या कापडाची पट्टी जोडावी लागली. शिंप्याकडे देण्यापूर्वी सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवावे, आणि मापाच्या चिठ्ठीवर ‘रॉडपासून शिवून तयार लांबी’ असे शब्दांत लिहावे.

तयार पडदे घ्यायचे असतील तर ते साधारणपणे खिडकीसाठी ५ फूट, दारासाठी ७ फूट आणि उंच दारासाठी ९ फूट अशा लांबीत मिळतात. अशा वेळी रॉडची उंचीच पडद्याच्या लांबीवरून ठरवावी.

ब्लाइंडचे माप निराळ्या रीतीने घेतात. तो चौकटीच्या खोबणीत बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी आणि सर्वांत कमी आकडा द्यावा, कारण गिलावा क्वचितच अगदी सरळ असतो. दिलेले माप खोबणीचे आहे की तयार ब्लाइंडचे, हे विक्रेत्याला स्पष्ट सांगावे. भिंतीवर बसवायचा असेल तर दोन्ही बाजूंना तीन-चार इंच जास्त घ्यावेत. ब्लाइंडचा दर चौरस फुटावर असतो, परंतु लहान खिडकीलाही ठरावीक किमान क्षेत्रफळ धरून आकारणी करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून न्हाणीघरासारख्या छोट्या खिडकीचा भाव आधी विचारावा. तिथे बहुधा दुधी काच किंवा काचेवरची दुधी फिल्मच स्वस्त आणि टिकाऊ ठरते.

सहावी पायरी: बसवणे

खिडकीच्या लगेच वर काँक्रीटचे लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, असते आणि साध्या ड्रिलने त्यात भोक पडत नाही. हॅमर ड्रिल असलेला माणूस बोलवावा. ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या नव्या इमारतींत तर भिंतीही काँक्रीटच्याच असतात. भोकात प्लॅस्टिकचा रावलप्लग घालून त्यात स्क्रू आवळावा. लाकडाची खुंटी ठोकली तर पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि ब्रॅकेट हलू लागते. रॉड पाच-साडेपाच फुटांहून लांब असेल तर मधोमध तिसरे ब्रॅकेट हवेच, नाहीतर तो वर्षभरात झोळ देतो. भोके पाडण्यापूर्वी त्या ओळीत विजेचे बटण किंवा एसीची तार भिंतीतून वर गेली आहे का, हे पाहावे.

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी भोके पाडण्याआधी घरमालकाला विचारावे आणि होकार लेखी, निदान मोबाइलवरच्या संदेशात तरी घ्यावा. परवानगी नसेल तर खोबणीत ताणून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो. तो हलक्या सुती पडद्याचा भार घेतो, अस्तर लावलेल्या जाड पडद्याचा घेत नाही.

लहान मुले असतील तर

ही पायरी कोणीही सोडू नये. ब्लाइंडच्या लोंबत्या दोरीचा किंवा साखळीच्या फासाचा गळफास लहान मुलाला काही मिनिटांत बसू शकतो, आणि ते आवाजही करू शकत नाही. घरात सहा-सात वर्षांखालचे मूल असेल, किंवा सुट्टीत नातवंडे येत असतील, तर दोरी नसलेला स्प्रिंगचा ब्लाइंड घ्यावा. दोरीचा आधीपासून असेल तर साखळी भिंतीला ताणून पक्की बसवावी, दोरी गुंडाळण्याचा आकडा जमिनीपासून किमान पाच फूट उंच लावावा, आणि पाळणा, पलंग किंवा चढता येईल अशी खुर्ची त्या खिडकीपाशी ठेवू नये.

गॅसच्या शेगडीजवळच्या खिडकीला कापडी पडदा लावू नये. वाऱ्याने उडालेले टोक थेट ज्योतीवर जाऊ शकते. तिथे पुसता येणारा ॲल्युमिनियमचा ब्लाइंड चौकटीच्या आत बसवावा, किंवा काचेलाच दुधी फिल्म लावावी.

वर्षभराची निगा

पडदे मेच्या शेवटच्या आठवड्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. मळ आणि तेलकटपणा असलेल्या कापडावर पावसाळ्यातली बुरशी लवकर धरते. जून ते सप्टेंबर जाड पडदे काढून ठेवता आले तर उत्तम, आणि तेवढे महिने झिरझिरीत पडद्यावर भागवावे. ज्या खिडकीवर झड येते तिथे पडद्याचे टोक कट्ट्यावर टेकणार नाही असे बांधून ठेवावे, कारण कट्ट्यावरचे पाणी कापड वातीसारखे वर ओढते. दुसरे धुणे दिवाळीच्या साफसफाईत करावे. काढताना प्रत्येक पडद्याच्या खालच्या दुमडीत आतून रंगीत दोऱ्याने खुणेचे टाके घालावेत, बैठकीच्या खोलीला एक, पश्चिमेच्या खोलीला दोन, मुलांच्या खोलीला तीन. म्हणजे धुऊन आलेल्या ढिगातून कोणता पडदा कोणत्या खिडकीचा हे ओळखायला रॉडवर चढवून पाहावे लागत नाही.